आयझली ब्रदर्स आणि दुसऱ्यांची गाणी (१९७१ ते १९७४)

खर्जातला_सा (धागाकर्ता):

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचा विषय निघाला आणि कुणी आयझली ब्रदर्सचं नाव घेतलं, की गाडी हमखास 'ट्विस्ट अँड शाउट'वर येऊन थांबते. बीटल्सनी गायलेलं ते गाणं आधी यांनी गाजवलं होतं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या एका छोट्या काळाबद्दल. १९७१ ते १९७४ या चार वर्षांत या भावांनी दुसऱ्यांची गाणी घेतली, त्यातही बहुतेक गोऱ्या रॉक-पॉप गायकांची, आणि ती अशी गायली की मूळ गाण्यात काय राहून गेलं होतं ते त्यानंतरच कळावं. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा गाणं, काय असू शकतं हे मी तरी याच चार वर्षांच्या रेकॉर्डींवरून शिकलो.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ओकेली, रुडॉल्फ आणि रोनाल्ड हे तिघे ओहायोतल्या सिनसिनाटीचे. चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेला. १९५९ साली 'शाउट' आलं, १९६२ला 'ट्विस्ट अँड शाउट', मग काही वर्षं मोटाउन या रेकॉर्ड कंपनीकडे, आणि तिथून बाहेर पडून १९६९मध्ये स्वतःच्या टी-नेक या लेबलवर 'इट्स युअर थिंग'. त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे १९७१ साली हे लोक नवशिके नव्हते, गाण्यांसाठी कुणाच्या दारात उभेही नव्हते. स्वतःचं लेबल, स्वतःचं हिट गाणं, सगळं हाताशी होतं. तरीही त्यांनी 'गिव्हिन इट बॅक' हा जवळजवळ पूर्ण अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा केला. नील यंग, बॉब डिलन, जेम्स टेलर, स्टीफन स्टिल्स, वॉर हा बँड, आणि एक गाणं त्या वेळी नुकताच पुढे आलेल्या बिल विदर्सचं, ज्यात गिटार खुद्द विदर्सनेच वाजवलीय. अल्बमच्या वेष्टनावर तिघे भाऊ अकूस्टिक गिटारी घेऊन उभे. त्या काळात हा पेहराव गोऱ्या गीतकार-गायकांचा समजला जायचा.

अल्बमच्या नावातच सगळं आलं. पन्नाशीच्या दशकात उलटा प्रकार चालायचा. कृष्णवर्णीय फॅट्स डॉमिनोने 'एन्ट दॅट अ शेम' गायचं आणि गोऱ्या पॅट बूनने तेच धुऊनपुसून गाऊन पहिल्या क्रमांकावर न्यायचं. लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी'चंही बूनचंच रूप जास्त वर गेलं. रॉकवाल्यांनी गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत) आणि ब्लूजकडून किती उचललं याचा हिशेब आजही लागलेला नाही. आयझलींनी तक्रार केली नाही. त्यांनी तीच गाणी हातात घेतली आणि चर्चमधून आणलेलं सगळं त्यात परत घातलं.

या अल्बमचं पहिलं गाणं ऐका. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. नील यंगने त्यावर 'ओहायो' लिहिलं आणि काही आठवड्यांत ते बाजारात आलं. तीन मिनिटांचं, रागाने लालबुंद गाणं. आयझलींनी ते गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 'मशीन गन'ला जोडलं. हेंड्रिक्सचं गाणं व्हिएतनामवरचं. दोन्ही मिळून नऊ मिनिटांच्या वर जातात. एकीकडे घरच्या अंगणात मेलेली मुलं, दुसरीकडे परदेशात पाठवलेली मुलं, आणि मधे रोनाल्डचा आवाज. नील यंगच्या गाण्यात राग आहे, यांच्या गाण्यात सुतक आहे. केंट स्टेटनंतर अकराच दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दोघे गेले. त्यांच्यावर तेवढं मोठं गाणं कुणी केलं नाही. आयझलींची ती नऊ मिनिटं ऐकताना मला ते दोघेही त्यात आहेत असं वाटतं. शब्दांत नाहीत, पण आहेत.

आणि मग १९७३चं 'समर ब्रीझ'. माझ्या मते हा या सगळ्याचा कळस. सील्स अँड क्रॉफ्ट्सचं मूळ गाणं १९७२चं, अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. शुक्रवारची संध्याकाळ, कामावरून परतणारा माणूस, खिडकीत पडदे, आतून येणारा उजेड, शेजारच्या घरातून ऐकू येणारं गाणं, स्वयंपाकघरात वाट बघणारी ती आणि मांडलेली दोन ताटं. आयझलींनी यातला एकही प्रसंग बदललेला नाही. पण रोनाल्ड ध्रुवपदाला ज्या तऱ्हेने येतो ते बघा. मूळ गाण्यात दोघे जण एकमेकांना बिलगून, समेवर नीटस उतरतात. रोनाल्ड शब्द थोडा मागे ठेवतो, भाऊ आधी पोचलेले असतात आणि तो मागून येऊन वरचा सूर धरतो. साधं सुख सांगणारं गाणं एकदम मोठी गरज सांगू लागतं. 'सगळं ठीक आहे' हे खिडकीतला उजेड सांगतोय, असे शब्द आहेत. मूळ गायकाला ते आधीच माहीत असतं. रोनाल्डला दर वेळी खात्री करून घ्यावी लागते. आणि शेवटी धाकट्या भावाची, एर्नीची गिटार सुरू होते, जी संपूच नये असं वाटतं.

तुम्हाला कोणती कव्हरं अशी वाटतात? एकट्या गायकांपेक्षा ग्रुपची सांगितलीत तर जास्त आवडेल, कारण ग्रुपमध्ये गाणं आतून बदलायची वेगळीच सोय असते.

तिरफळ:

वाचनखूण साठवली. मी यातलं 'दॅट लेडी' सोडून काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? क्रमाने जाऊ की थेट 'समर ब्रीझ'?

खर्जातला_सा:

तिरफळ, आधी सील्स अँड क्रॉफ्ट्सचं मूळ ऐका आणि लगेच आयझलींचं. मग 'गिव्हिन इट बॅक' अख्खा. मधे १९७२चा 'ब्रदर, ब्रदर, ब्रदर' आहे, त्यात कॅरोल किंगचं 'इट्स टू लेट' आहे. ते मात्र निवांत वेळ असतानाच लावा, दहा मिनिटांच्या वर आहे.

मंद्र_तार:

एर्नीच्या गिटारबद्दल लिहायलाच हवं. मी गेली बरीच वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि 'समर ब्रीझ'चा तो शेवट अजून मला नीट पकडता आलेला नाही. स्वर सापडतात, पण त्याचा दम सापडत नाही.

एर्नी हा धाकटा भाऊ, जन्म १९५२चा. १९६४ साली जिमी हेंड्रिक्स आयझलींच्या साथीदारांत होता आणि काही काळ न्यू जर्सीत त्यांच्या घरीच राहत होता. त्या वेळी तो अजून कुणी नव्हता. एर्नी तेव्हा बारा वर्षांचा पोरगा. घरात एक माणूस दिवसभर गिटार घेऊन बसलेला, आणि हा बघतोय. त्याने तेव्हा हेंड्रिक्सकडून रीतसर धडे घेतले असं नाही. 'इट्स युअर थिंग'मध्येही त्याने गिटार नव्हे, बास वाजवलाय.

'समर ब्रीझ'चा आवाज फझ आणि फेझर या दोन पेडलांमधून येतो. फझमुळे स्वर जाड होतो आणि लांबतो. फेझर तोच आवाज किंचित सरकवून मूळ आवाजात मिसळतो, आणि ते सरकणं सतत मागेपुढे होत राहतं, म्हणून स्वर जागच्या जागी फिरल्यासारखा वाटतो. आता हे नुसतं यंत्राचं काम असतं तर दुकानातून दोन पेडलं आणून कुणीही ते केलं असतं. एर्नीची खुबी अशी, की तो भराभर वाजवत नाही. एक स्वर धरतो, फेझरला त्याच्यावर एक पूर्ण फेरा मारू देतो, आणि मगच पुढचा घेतो. म्हणजे यंत्राच्या गतीला त्याने लयीत घेतलंय. हेडफोन लावून ऐका, दर लांब स्वरावर हे कळतं.

आणखी एक. या अल्बमचं नाव '३+३'. तीन थोरले, तीन धाकटे: एर्नी, बासवर मार्विन, आणि कीबोर्डवर रुडॉल्फचा मेहुणा ख्रिस जॅस्पर. अल्बम लॉस एंजेलिसच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये झाला आणि ध्वनिमुद्रणाला माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ होते, म्हणजे त्याच सुमारास स्टीव्ही वंडरबरोबर सिंथेसायझरचे ते सगळे नवे आवाज घडवणारी जोडी. जॅस्पर जुलियार्ड या संगीत विद्यालयात शिकलेला. त्यामुळे मूळ गाण्याचे साधे कॉर्ड त्याच्या हाती आल्यावर त्यांत आणखी स्वर येऊन बसतात आणि सगळ्याला एक जॅझची झाक येते. धाग्यात रोनाल्डचं कौतुक झालं ते रास्तच आहे, पण ही कव्हरं 'सोल ग्रुपची' न राहता 'सोल बँडची' झाली ती या तीन पोरांमुळे.

'दॅट लेडी'सुद्धा एका अर्थी कव्हरच आहे बरं का. तेच गाणं त्यांनी १९६४मध्ये 'हूज दॅट लेडी' म्हणून केलं होतं, मवाळ, इम्प्रेशन्स या सोल ग्रुपच्या वळणाचं. नऊ वर्षांनी स्वतःचंच गाणं परत घेतलं आणि ते सहाव्या क्रमांकाला गेलं. दोन्ही लागोपाठ ऐकली तर धाकट्यांनी काय आणलं ते एका फटक्यात समजतं.

एडिसनचा_अण्णा:

न्यू जर्सीतून हजेरी. टी-नेक हे लेबलचं नाव इथल्या टीनेक गावावरून आलेलं. हेंड्रिक्स राहिला ते आयझलींचं घर शेजारच्या एंगलवूडमध्ये. आमच्या एडिसनपासून वर बर्गन काउंटीत जावं लागतं, तासाभराचं अंतर. २०२१ साली दोन्ही गावांनी एकेका रस्त्याला आयझली ब्रदर्सचं नाव दिलं.

ही गावं साधी, झाडांची, मागेपुढे अंगण असलेल्या घरांची. न्यूयॉर्कात काम करायचं आणि पूल ओलांडून संध्याकाळी घरी यायचं, अशा लोकांची. मला 'समर ब्रीझ' इथे आल्यावर जास्त भिडलं. ज्या पिढीतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना चांगल्या वस्तीत घर घेतानाही अडवलं जायचं, त्या पिढीचा गायक खिडकीतला दिवा आणि दोन ताटं गातो, तेव्हा तो पाडव्याच्या शुभेच्छापत्रावरचा देखावा उरत नाही. खर्जातला_सा यांनी 'खात्री करून घ्यावी लागते' असं लिहिलंय, ते मला अगदी पटलं.

जाता जाता: सिल्व्हिया रॉबिन्सनची शुगर हिल रेकॉर्ड्सही एंगलवूडचीच. १९७९ला 'रॅपर्स डिलाइट' हे गाजलेलं रॅप गाणं तिथूनच आलं. एवढ्याशा गावाने अमेरिकन संगीताला किती दिलंय!

लिंबलोण:

मी थोडी विरुद्ध बाजू मांडते. आयझली मलाही आवडतात, 'ओहायो'बद्दल लिहिलंय त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत. पण 'समर ब्रीझ' मला मूळचंच जास्त प्रिय आहे. ते गाणं लहान आहे, कारण ती संध्याकाळ लहान आहे. माणूस घरी येतो, दोन ताटं दिसतात, झालं. त्याला त्याहून जास्त काही म्हणायचं नाहीये, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. त्यावर एवढी मोठी गिटार चढवली की सुख राहतं बाजूला आणि आपण वादकाकडे बघत बसतो. वाढवलं म्हणजे नव्याने घडवलं, असं समीकरण या धाग्यात होऊ घातलंय, ते मला मान्य नाही.

माझं उदाहरण फोर टॉप्स या मोटाउनच्या ग्रुपचं 'वॉक अवे रेने'. मूळ लेफ्ट बँक या न्यूयॉर्कच्या पोरांचं, १९६६. लिहिणारा मायकेल ब्राउन तेव्हा फक्त १६ वर्षांचा. हार्प्सिकॉर्ड, व्हायोलिनं, मधे बासरी, आणि पोरसवदा हळवा आवाज. फोर टॉप्सनी १९६७च्या अल्बममध्ये ते घेतलं. लांबी वाढवली नाही, चाल मोडली नाही, रचना जवळपास तीच. बदललं काय? लेव्हाय स्टब्ज. तो जाड, पुरुषी आवाजाचा गायक, आणि मोटाउनचे गीतकार-निर्माते हॉलंड-डोझिअर-हॉलंड मुद्दाम त्याची पट्टी वर ठेवायचे, म्हणजे त्याला सूर गाठायला ताण द्यावा लागावा. सोळा वर्षांच्या मुलाने 'जा, रेने' म्हटलं तर ते पहिलं प्रेम असतं. लेव्हायने म्हटलं तर घर मोडलेलं असतं. बाकीचे तिघे मागे त्याच ओळीवर शांतपणे उभे आहेत, जणू त्याला सावरायला आलेले. एकही मिनिट न वाढवता गाण्याचं वय बदललं. मला ही कारागिरी जास्त अवघड वाटते.

खर्जातला_सा:

लिंबलोण, 'गाण्याचं वय बदललं' हे फार नेमकं बोललात. रेनेबद्दल पूर्ण सहमत. 'समर ब्रीझ'बद्दल नाही, आणि तिथे मी हटणार नाही. मूळ गाण्यातली संध्याकाळ लहान आहे हे खरं. पण त्यात मधे एक कडवं येतं, जिथे दिवसभराच्या कष्टाचा उल्लेख आहे. मूळ गायक त्यावरून अलगद पुढे जातात. आयझलींकडे तो कष्ट ऐकू येतो, आणि एकदा तो आला की गिटारला काम उरतं. ती गिटार गाण्यावर चढवलेली नाही. शब्द संपतात तिथे ती बोलू लागते.

पण लांबी म्हणजे गुण नाही हा मुद्दा मान्य. आयझलींनीही '३+३'मध्ये डूबी ब्रदर्सचं 'लिसन टू द म्युझिक' घेतलंय, आणि मला ते फिकं वाटतं. ठेका जरा जड केला, बाकी सगळं जिथल्या तिथे. ते गाणं मुळातच खुशीत होतं, त्यात आणखी भर घालायला जागाच नव्हती. त्याच अल्बममध्ये जेम्स टेलरचं 'डोन्ट लेट मी बी लोनली टुनाइट' आहे, तिथे मात्र त्यांना भरपूर जागा मिळाली.

गोदाकाठ:

इंग्रजी गाणी मी बेताचीच ऐकली आहेत, पण या धाग्यात गुंतले. आपल्याकडे हे मैफलीत सर्रास चालतं. नाटकात पाच मिनिटांचं असलेलं पद गवई मैफलीत घेतो आणि त्याची बढत करतो. श्रोते 'मूळ असं नव्हतं' म्हणून उठून जात नाहीत. पण त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व'. एका मोठ्या गायकाची, लोकांच्या ओठांवरची पदं दुसऱ्या मोठ्या गायकाने घ्यायची आणि नक्कल अजिबात करायची नाही. त्यावर त्या काळी वाद झाले, अजूनही होतात. बालगंधर्वांचे भक्त म्हणायचे की तो गोडवा कुठे गेला. पण कुमारांना तो गोडवा पुन्हा काढून दाखवायचाच नव्हता. त्या पदातला विचार त्यांना कसा दिसला ते त्यांनी गायलं.

लिंबलोण आणि खर्जातला_सा यांच्यातला वाद मला त्याच जातीचा वाटला. म्हणून रात्री दोन्ही 'समर ब्रीझ' ऐकली. मी खर्जातला_सा यांच्या बाजूची. पण कारण वेगळं आहे. आयझलींच्या गाण्यात भाऊ मागे गातात तो सूर घरातला आहे. एकाच घरात वाढलेल्या गळ्यांचा मेळ कानाला लगेच कळतो. घराबद्दलचं गाणं घरच्यांनी गायलंय.

लिंबलोण:

गोदाकाठ ताई, हा मुद्दा मला खोडता येत नाही. एकाच घरातले गळे, हे खरंच ऐकू येतं.

कलम_बावन्न:

एक कायद्याची बाजू, कारण ती नसती तर हा सगळा खजिनाच नसता. अमेरिकेत १९०९च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आली की एखादं गाणं एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं, की दुसरा कुणीही ठरलेली रक्कम भरून ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. परवानगी मागायची गरज नाही. मूळ भांडण होतं आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवरून. एकाच कंपनीने सगळ्या गाण्यांचे हक्क घेऊन ठेवले तर बाकीच्यांचा धंदा बसेल, ही भीती होती. दर ठरला प्रती दोन सेंट, आणि तो १९७८पर्यंत तोच राहिला.

म्हणजे १९७१मध्ये आयझलींना डिलन किंवा नील यंगकडे जाऊन विचारावं लागलं नाही. पण याचा दुसरा अर्थही बघा. रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकाराचे पैसे मूळ लेखकाला जाणार. ज्यांच्याकडे स्वतःचं लेबल आहे आणि स्वतः गाणी लिहिता येतात, त्यांनी अख्खा अल्बम दुसऱ्यांचा करणं म्हणजे हातचं उत्पन्न सोडणं. तरी त्यांनी केलं. मला तर ही गोष्ट अल्बमच्या नावाइतकीच बोलकी वाटते. नील यंगला त्याचे पैसे मिळाले. पॅट बूनच्या रेकॉर्डी खपल्या तेव्हा फॅट्स डॉमिनोला लेखक म्हणून काहीतरी मिळालं, पण गायक म्हणून जो मान जायला हवा होता तो गेला नाही.

आपल्याकडेही १९५७च्या कायद्यात अशीच वाट होती, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटवर जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन'चा पूर आला तो त्याच वाटेने. तिथे हेतू एवढाच होता की मूळ रेकॉर्डसारखं ऐकू यावं आणि स्वस्तात मिळावं. तीच मोकळीक, पण वापर किती वेगळा!

पिठलंभाकर:

आयझॅक हेज! ग्रुप नव्हे हे मान्य, पण त्याच्या 'हॉट बटर्ड सोल' या अल्बमशिवाय हा धागा पुरा होत नाही. १९६९. चार गाणी, त्यातलं 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स' जवळजवळ १९ मिनिटांचं. जिमी वेबने लिहिलेलं, ग्लेन कॅम्पबेलने तीनेक मिनिटांत गायलेलं गाणं. हेज पहिली आठ-एक मिनिटं गातच नाही. ऑर्गनचा एक सूर धरून नुसतं बोलतो. हा माणूस कोण, त्याची बायको कोण, तो का निघालाय, आधी किती वेळा निघून परत आलाय. मेम्फिसच्या एका क्लबात लोक गप्पा मारत होते, त्यांचं लक्ष वेधायला त्याने हे बोलणं सुरू केलं आणि क्लब गप्प झाला. गाणं सुरू होतं तेव्हा आपण त्या माणसाच्या गाडीत बसलेलो असतो.

आणि साथीला बार-केज हा बँड, म्हणून ग्रुपच्या अटीत थोडं बसवून घ्या. १० डिसेंबर १९६७च्या विमान अपघातात सोल गायक ओटिस रेडिंगबरोबर बार-केजची चार मुलं गेली. उरलेल्या दोघांनी नवी मुलं घेऊन ग्रुप पुन्हा उभा केला आणि दोन वर्षांत हा अल्बम वाजवला. 'वॉक ऑन बाय'ची १२ मिनिटं ऐका. डियॉन वॉरविकचं मूळ गाणं म्हणजे रस्त्यात भेटलास तर डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून पुढे निघून जा, असं मानी बाईचं गाणं. हेजकडे तो मान टिकत नाही, आणि तो टिकू न देणं हेच त्याने केलंय.

मंद्र_तार:

रेडिंगचं नाव निघालंच आहे तर 'सॅटिस्फॅक्शन'. रोलिंग स्टोन्सचं गाणं १९६५च्या उन्हाळ्यात आलं आणि रेडिंगने त्याच वर्षी 'ओटिस ब्लू'साठी ते गायलं. कीथ रिचर्ड्सने ती प्रसिद्ध फझ गिटार मुळात ट्रम्पेट-सॅक्सोफोन कुठे यावेत याची खूण म्हणून वाजवली होती. रेडिंगने ती ओळ खरोखरच त्या वाद्यांना दिली. म्हणजे कव्हर मूळ कल्पनेच्या मूळ रेकॉर्डपेक्षा जवळ गेलं. असं क्वचितच घडतं.

अबोली_परसातली:

ग्रुपची सोय म्हणाल तर ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स. 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' आधी जिम वेदरलीने 'मिडनाइट प्लेन टू ह्यूस्टन' म्हणून लिहिलेलं. सिसी ह्यूस्टनने ते गायलं तेव्हा विमानाची आगगाडी झाली आणि ह्यूस्टनचं जॉर्जिया. १९७३ला ग्लॅडिसने ते पहिल्या क्रमांकावर नेलं.

सिसीचं गाणं फार सुंदर आहे, पण त्यात ती एकटी आहे. ग्लॅडिसच्या गाण्यात तिचा भाऊ आणि दोन चुलत भाऊ मागे आहेत, आणि ते नुसती साथ देत नाहीत. ती म्हणते की तो गावी परत चाललाय, ते लगेच दुजोरा देतात. ती म्हणते मी त्याच्याबरोबर जाणार, आणि ते तिलाच तिचे शब्द परत ऐकवतात. आगगाडीची शिट्टीसुद्धा तेच देतात. सगळं सोडून एका हरलेल्या माणसामागे जायचा निर्णय ती घेतेय आणि घरचे पुरुष तिला अडवत नाहीत, स्टेशनपर्यंत सोडायला आलेत. शेवटी ती जे मोकळं गाते, 'मला जायचंच आहे' या अर्थाचं पुन्हा पुन्हा, त्याला त्यांचा आधार आहे म्हणून ती तितकी उंच जाऊ शकते. मी हे गाणं लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या माझ्या मैत्रिणींना आवर्जून पाठवते.

एडिसनचा_अण्णा:

अबोली, स्टेशनपर्यंत सोडायला आलेत, वा! अगदी तसंच ऐकू येतं. आता हे गाणं पुन्हा लावणं आलं.

एकट्यांमध्ये अल ग्रीनचं 'हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट'ही राहू नये. बी जीजचं १९७१चं गाणं, अमेरिकेतलं त्यांचं पहिलं एक नंबर. त्यांनी ते रडवेलं गायलंय. अल ग्रीन पुढच्याच वर्षी ते सहा मिनिटांच्या वर नेतो आणि आवाज वाढवायच्या ऐवजी कमी करत जातो.

तिरफळ:

सगळं ऐकत बसलो आहे. 'इट्स टू लेट'पर्यंत पोचलो. कॅरोल किंगचं मूळ मला आधीपासून पाठ आहे. त्यात ती शांत आहे, तिने निर्णय घेतलेला आहे, आता फक्त सांगतेय. आयझलींचं ऐकताना माझा गोंधळ झाला. शब्द तेच, पण इथे निर्णय झालेला नाही असं वाटतं. रोनाल्ड 'आता उशीर झाला' म्हणतो आणि पुढची कितीतरी मिनिटं तिथेच थांबतो. हे मला बरोबर वाटतंय की माझ्या मनाचे खेळ?

खर्जातला_सा:

बरोबर वाटतंय. कॅरोल किंगच्या गाण्याला चार मिनिटंही लागत नाहीत, कारण तिचं मन तयार आहे. आयझलींचा माणूस त्याच ओळी म्हणत दाराशी उभा आहे आणि त्याचा पाय निघत नाही. दहा मिनिटं म्हणजे त्याचं ते रेंगाळणं. लिंबलोण, इथे तरी लांबीला कारण आहे हे मानाल ना?

लिंबलोण:

इथे मानते. 'इट्स टू लेट'मध्ये वेळ हाच विषय आहे, त्यामुळे वेळ घेणं योग्यच. पण मग एक सांगा. १९७४च्या 'लिव्ह इट अप'मधलं 'हॅलो इट्स मी' कुठे बसवता? टॉड रंडग्रेनने ते आधी १९६८मध्ये नॅझ या आपल्या बँडबरोबर संथ केलं, मग १९७२च्या अल्बमसाठी स्वतःच जलद आणि खेळकर केलं, आणि तेच हिट झालं. आयझलींनी हिट झालेली चाल बाजूला ठेवून पुन्हा संथ केलं. म्हणजे ते नव्याने घडवणं झालं की पहिल्या रूपाकडे परत जाणं?

खर्जातला_सा:

नॅझचं संथपण उदास आहे, त्यात मुलगा फोनवर अडखळतोय. आयझलींचा माणूस अडखळत नाही. त्याला पलीकडची व्यक्ती फोन ठेवणार नाही याची खात्री आहे, म्हणून तो सावकाश बोलतो. गती एकच, पण कारणं वेगळी. मी ते नवंच गाणं धरतो. तरी तुम्ही तिन्ही लागोपाठ ऐकून मत द्या. मंद्र_तार, जॅस्परने त्यात कॉर्ड कुठे कुठे बदललेत ते काढता येतील का? मला दुसऱ्या कडव्याआधी काहीतरी वेगळं ऐकू येतं, पण नाव सांगता येत नाही.

मंद्र_तार:

शनिवारी कीबोर्डवाल्या मित्राला घेऊन बसतो. तिन्ही एका पट्टीत आणून लिहून काढतो आणि इथेच टाकतो.